मेलमधली लिंक भलत्याच ब्राउझरमध्ये उघडून रायली? लिनक्सवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं सेंटर म्हणजे दारव्हा तालुक्यातल्या एका गावात ग्रामपंचायतीच्या बाजूला दहा बाय बाराची खोली, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, अन् उन्हाळ्यात कूलरचा आवाज इतका की गिऱ्हाईक ओटीपी ओरडून सांगते, मग तो बाहेर बाकावर बसलेल्या चौघांनाही कळते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हापासून आसपासच्या गावातले मास्तर लोक, बचतगटवाल्या ताया, कॉलेजातली पोरं आपापले जुने लॅपटॉप घेऊन यायला लागले, त्यातल्या बहुतेकांवर मी विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकून दिलं, काहींवर उबुंटू, दोन्ही लिनक्सचेच प्रकार. टाकून दिलं की काम संपत नाही ना बाप्पा, मग फोन सुरू होतात. त्यातला एक प्रश्न तर इतक्यांदा आला की शेवटी हे लिहून काढलं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. कमांडा मी इथं बोलतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना इंग्रजीत, स्मॉल अक्षरात, मधल्या रेघा, टिंबं, स्लॅश जसेच्या तसे ठेवायचे. एक्सडीजी म्हणजे एक्स, डी, जी ही तीन अक्षरं. माइम म्हणजे एम-आय-एम-ई. यूएसआर म्हणजे यू-एस-आर. जिथं कॅपिटल लागते तिथं तसं सांगितलं आहे.

मेलमधली लिंक दाबली का दुसराच ब्राउझर उघडते, हे काऊन होते?

कारण मेलचा प्रोग्राम स्वतः वेबपेज उघडत नाही. तो फक्त पत्ता पुढच्याच्या हातात देतो. पुढचा म्हणजे तुमचा डेस्कटॉप (स्क्रीन, मेनू, सेटिंग सांभाळणारा लिनक्सचा भाग), अन् डेस्कटॉपकडे एक यादी असते की एचटीटीपीएसनं सुरू होणारा पत्ता आला तर कोणाकडं पाठवायचा. मूर्तिजापूर स्टेशन आठवा, मुंबई-हावडा लाइनवर उभं राहिलं की तिथून शकुंतला नावाच्या छोट्या गाडीचा एक फाटा अचलपूरकडे अन् एक यवतमाळकडे, गाडीनं कुठं जायचं ते गाडी ठरवत नव्हती, सांधा कसा लावला त्यावर होतं. तसंच हे. लिंकचा काही दोष नाही, सांधा दुसरीकडे लागलेला आहे.

गंमत अशी की लिनक्समध्ये असे सांधे एकाहून जास्त जागी असतात. एक डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये, एक थंडरबर्ड नावाच्या मेलच्या प्रोग्रामच्या स्वतःच्या डोक्यात, एक कधीकाळी कोणीतरी लावून ठेवलेल्या ब्राउझर नावाच्या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे सिस्टिमसाठी लिहून ठेवलेल्या चिठ्ठीत. लोक एका जागी बदल करतात, फरक पडत नाही, मग तेच पुन्हा पुन्हा करतात अन् शेवटी लिनक्सलाच शिव्या देतात. म्हणून माझं एकच सांगणं असते, आधी कोण ठरवून रायला ते पाहा, मग तिथंच बदला.

मग पाहायचं कसं?

टर्मिनल, म्हणजे कमांडा टाइप करायची खिडकी, उघडा अन् हे टाका:

एक्सडीजी-ओपन "एचटीटीपीएस://एमआर.विकिपीडिया.ऑर्ग"

कोणता ब्राउझर उघडला ते बघा. तुमच्या पसंतीचा उघडला, पण मेलमधून दाबलं की दुसराच येते, तर डेस्कटॉप बरोबर आहे, भानगड मेलच्या प्रोग्राममध्ये आहे, तुम्ही सरळ खाली थंडरबर्डच्या प्रश्नावर जा. इथंच चुकीचा उघडला तर डेस्कटॉपची सेटिंग बदलावी लागते. ही एक कमांड चालवून पाहिली की अर्धा वेळ वाचतो, तरी लोक ती चालवत नाहीत, सरळ ब्राउझर काढून परत टाकायला घेतात.

एक्सडीजी-ओपन स्वतः फार काही करत नाही, ती एक शेल स्क्रिप्ट आहे, म्हणजे शेलनं (टर्मिनलमधल्या कमांडा चालवणाऱ्या प्रोग्रामनं) एकामागून एक चालवायच्या कमांडांची फाइल. कोणता डेस्कटॉप चालू आहे ते ओळखते अन् काम त्याच्याच माणसाकडं सोपवते, म्हणजे ग्नोममध्ये जीआयओकडे, केडीईमध्ये केडीई-ओपनकडे, एक्सएफसीईमध्ये एक्सो-ओपनकडे (ग्नोम, केडीई, एक्सएफसीई ही वेगवेगळ्या डेस्कटॉपची नावं). एक्सडीजी हे नाव एक्स डेस्कटॉप ग्रुपचं, २००० साली सुरू झालेल्या फ्रीडेस्कटॉप डॉट ऑर्गचं जुनं नाव. नाव गेलं, कमांडीत राहून गेलं, आपल्याकडं तालुका बदलला तरी लोक जुन्याच तालुक्याचं नाव सांगतात तसं.

पत्ता अवतरणचिन्हात टाका बरं. पत्त्यात अँडचं चिन्ह असलं अन् अवतरण नसलं की शेल तिथंच पत्ता तोडते, उरलेला भाग वेगळी कमांड समजते, अन् पेज उघडलं तरी अर्धवट उघडते. स्कॉलरशिप, बँक, परीक्षा यांच्या मेलमधल्या लिंका अशाच लांबलचक असतात.

यादीत काय लिहिलं आहे ते विचारायचं तर आणखी दोन कमांडा आहेत:

एक्सडीजी-सेटिंग्ज गेट डिफॉल्ट-वेब-ब्राउझर
एक्सडीजी-माइम क्वेरी डिफॉल्ट एक्स-स्कीम-हँडलर/एचटीटीपीएस

सेटिंग्जचं स्पेलिंग शेवटी एस लावून. दोन्हीचं उत्तर वेगळं आलं तर समजा की यादी अर्धवट बदललेली आहे, एचटीटीपी एकाकडे अन् एचटीटीपीएस दुसऱ्याकडे. मी असं तीन-चार लॅपटॉपवर पाहिलं आहे, बहुतेक वेळा कोणीतरी नेटवरून पाहून फाइलमध्ये हातानं एकच ओळ बदललेली असते.

मले टर्मिनलची भीती वाटते. माऊसनं होत नाही काय?

होते ना, अन् आधी माऊसनंच करा.

मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपमध्ये मेनूत "प्रिफर्ड ॲप्लिकेशन्स" शोधा, त्यात "वेब"च्या समोर जो ब्राउझर पाहिजे तो निवडा. सेव्ह वगैरे काही नाही, निवडलं की झालं. उबुंटूमध्ये, म्हणजे ग्नोममध्ये, सेटिंग्ज उघडा, तिथं "ॲप्स" अन् त्यात "डिफॉल्ट ॲप्स", थोड्या जुन्या आवृत्तीत सेटिंग्जमध्येच थेट "डिफॉल्ट ॲप्लिकेशन्स" दिसते. केडीईमध्ये सिस्टिम सेटिंग्जमध्ये "डिफॉल्ट ॲप्लिकेशन्स". दोन जीबी रॅमवाल्या मशीनवर मी एक्सएफसीई टाकतो, तिथं सेटिंग्ज मॅनेजरमध्ये "डिफॉल्ट ॲप्लिकेशन्स" अन् त्यात "इंटरनेट"चा टॅब.

एक्सएफसीईवाल्यांनी घाबरू नका, तुमच्याकडं वरच्या क्वेरीचं उत्तर फायरफॉक्सऐवजी "एक्सएफसीई४-वेब-ब्राउझर.डेस्कटॉप" असं येऊ शकते. त्याचा अर्थ फक्त इतकाच की "सेटिंगमध्ये जे निवडलं असेल त्याला द्या".

माझ्या ब्राउझरचं नावच त्या यादीत नाही दिसत.

मग त्याची .डेस्कटॉप फाइल नाही किंवा चुकीच्या जागी आहे. प्रत्येक प्रोग्रामची अशी एक छोटी फाइल असते, आधार कार्डासारखी, नाव काय, चित्र कोणतं, चालवायची कमांड कोणती, अन् कोणकोणत्या प्रकारचं काम घेतो. सिस्टिममधल्या सगळ्या /यूएसआर/शेअर/ॲप्लिकेशन्स मध्ये असतात, तुमच्या एकट्याच्या होम फोल्डरमध्ये .लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स मध्ये. ज्यांनी ब्राउझर झिप डाउनलोड करून डेस्कटॉपवरच उघडला अन् तिथूनच चालवते त्यांचं असं होते. एकच सांगतो, तसं करू नका, सॉफ्टवेअर मॅनेजरमधून टाका.

टर्मिनलमधून कसं बदलू?

एक्सडीजी-सेटिंग्ज सेट डिफॉल्ट-वेब-ब्राउझर फायरफॉक्स.डेस्कटॉप

बस. काही छापून आलं नाही म्हणजे झालं. लिनक्सच्या कमांडा आपल्या घरच्या म्हाताऱ्यांसारख्या, काम झालं तर बोलत नाहीत, बिघडलं तरच बोलतात.

अडचण येते ती नावाची. तोच फायरफॉक्स पण कुठून टाकला त्यावर फाइलचं नाव बदलते. मिंटमध्ये फायरफॉक्स.डेस्कटॉप. उबुंटूमध्ये २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅपमधून (प्रोग्राम त्याच्या सगळ्या सामानासकट वेगळ्या पेटीत देणारी पद्धत) येते, तिथं नाव फायरफॉक्स_फायरफॉक्स.डेस्कटॉप, मधे अंडरस्कोर. फ्लॅटपॅक या तशाच दुसऱ्या पद्धतीतून टाकला तर ऑर्ग.मोझिला.फायरफॉक्स.डेस्कटॉप. क्रोमचं गूगल-क्रोम.डेस्कटॉप, ब्रेव्हचं ब्रेव्ह-ब्राउझर.डेस्कटॉप. नेटवरची कमांड जशीच्या तशी चिकटवून चालत नाही ते बहुतेक याच्यामुळं. तुमच्या मशीनवर काय नाव आहे ते पाहायला ती फोल्डरं उघडून बघा, स्नॅपची फाइल /व्हार/लिब/स्नॅपडी/डेस्कटॉप/ॲप्लिकेशन्स मध्ये सापडते, फ्लॅटपॅकची /व्हार/लिब/फ्लॅटपॅक/एक्सपोर्ट्स/शेअर/ॲप्लिकेशन्स मध्ये. व्हार म्हणजे व्ही-ए-आर.

झाल्यावर वरच्या दोन "विचारायच्या" कमांडा परत चालवून बघा.

मी कमांडीच्या आधी सुडो लावलं, काही एरर नाही, पण काही बदललंही नाही.

बदललं ना भाऊ, पण रूटसाठी बदललं. रूट म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, सुडो लावलं की कमांड त्याच्या नावानं चालते. ही सेटिंग प्रत्येक युजरची वेगळी असते. सुडो लावलं की तुम्ही दुसऱ्याच्या घरात जाऊन पंखा लावून आले, तुमच्या घरात गरमी तशीच. सुडो काढून तीच कमांड परत चालवा.

"ब्राउझर इज सेट अँड कान्ट बी चेंज्ड" असं काहीतरी येते.

म्हणजे ब्राउझर नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल कुठंतरी लावलेलं आहे, अन् ते आहे तोवर एक्सडीजी-सेटिंग्ज हात लावायला नकार देते. टर्मिनलमध्ये इको $ब्राउझर चालवा, व्हेरिएबलचं नाव सगळं कॅपिटलमध्ये. काही छापलं तर होम फोल्डरमधल्या .बॅशआरसी, .प्रोफाइल अन् /ईटीसी/एन्व्हायर्नमेंट या फाइलींमध्ये ती ओळ शोधा अन् काढून टाका, मग लॉगआउट करून परत लॉगइन करा. नुसतं टर्मिनल बंद करून चालू केलं तर डेस्कटॉपला काही कळत नाही.

थंडरबर्ड ऐकतच नाही. बाकी सगळीकडून फायरफॉक्स उघडते, मेलमधून क्रोमियम.

हा खरा प्रश्न, अन् याच्यावर माझी स्वतःची एक गोष्ट आहे. एका पोरीचा फॉर्म भरत होतो, शेवटचा दिवस, बाहेर पाऊस, लाइन जाते-येते. फॉर्म फायरफॉक्समध्ये उघडा होता, पोर्टलनं मेल पाठवला की पत्ता खरा आहे हे लिंक दाबून सांगा, मेल माझ्या थंडरबर्डमध्ये आला, मी दाबली, तर महिन्यापूर्वी उगाच टाकून पाहिलेला क्रोमियम उघडला, त्याच्यात लॉगइन नाही, तो म्हणते आधी लॉगइन करा, लॉगइन केलं तर तिकडं फायरफॉक्समधलं बाहेर फेकलं गेलं, अन् ती लिंक एकदाच चालणारी, ती तर वापरून झाली. पोरगी काही बोलली नाही, नुसती छत्रीच्या दांड्यावरची प्लास्टिकची पट्टी सोलत बसली. रात्री साडेदहाला परत पहिल्यापासून भरला तेव्हा झाला. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी ही भानगड सोडवायला बसलो.

तर थंडरबर्ड एकदा कधीतरी "कशात उघडू" विचारते, तुम्ही घाईत काहीतरी निवडता अन् "हेच लक्षात ठेव"वर टिक करता, ते उत्तर थंडरबर्ड आपल्या वहीत लिहून ठेवते. मग डेस्कटॉपमध्ये तुम्ही काही बदला, तो आपली वही पाहते.

वही बदलायची ती अशी. थंडरबर्डच्या सेटिंग्जमध्ये "जनरल"मध्ये खाली खाली सरका, "फाइल्स अँड अटॅचमेंट्स" असा भाग येतो, तिथं डावीकडं प्रकार अन् उजवीकडं काय करायचं ते असते. एचटीटीपी अन् एचटीटीपीएस अशा ओळी दिसल्या तर उजवीकडं दाबून "ऑलवेज आस्क" करा किंवा थेट पाहिजे तो ब्राउझर निवडा. दोन्ही ओळी बदला, एकच बदलली तर अर्ध्या लिंका इकडे अन् अर्ध्या तिकडे.

त्या ओळीच नसल्या तर "जनरल"च्या अगदी तळाशी "कॉन्फिग एडिटर" आहे. तिथं शोधा:

नेटवर्क.प्रोटोकॉल-हँडलर.वॉर्न-एक्स्टर्नल.एचटीटीपी
नेटवर्क.प्रोटोकॉल-हँडलर.वॉर्न-एक्स्टर्नल.एचटीटीपीएस

दोन्ही "ट्रू" करा. आता मेलमधली लिंक दाबली की तो विचारेल, या वेळी नीट पाहून निवडा अन् टिक करा. फाइल निवडायला सांगितलं तर /यूएसआर/बिन/फायरफॉक्स द्या.

एवढं करूनही हट्ट सोडत नसेल तर माझा शेवटचा उपाय, अन् खरं सांगायचं तर आता मी पहिल्यांदाच हाच करतो. "हेल्प"मध्ये "ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन"मधून प्रोफाइलचं फोल्डर उघडा, मग थंडरबर्ड पूर्ण बंद करा, त्या फोल्डरमधल्या हँडलर्स.जेएसओएन या फाइलचं नाव बदलून शेवटी "-जुनी" लावा, परत चालू करा. तो नवीन कोरी वही तयार करते. मेल, पत्ते, खाती कशाला धक्का लागत नाही, फक्त "कोणती फाइल कशात उघडायची" हे विसरते, म्हणजे पीडीएफ कशात उघडू हेही एकदा परत विचारेल. नाव बदलायचं, डिलीट नाही, काही बिघडलं तर जुनी परत लावता येते.

मी इव्होल्यूशन वापरतो. केमेल वापरतो. क्लॉज मेल वापरतो.

इव्होल्यूशन डेस्कटॉपचं ऐकते, केमेल केडीईच्या सेटिंगचं. क्लॉज मेलमध्ये मात्र स्वतःच्या प्रेफरन्सेसमध्ये बाहेरच्या प्रोग्रामांचा भाग आहे, तिथं वेब ब्राउझरची कमांड लिहिलेली असते, ती पाहा.

मी जीमेल ब्राउझरमध्येच उघडतो, मले हे सगळं लागते काय?

नाही. तुमची लिंक त्याच ब्राउझरमध्ये उघडते ज्यात मेल उघडा आहे. तुम्ही चहा घ्या.

थंडरबर्ड स्नॅपचं आहे, कॉन्फिग एडिटरमधून /यूएसआर/बिन/फायरफॉक्स दिलं तर काहीच होत नाही.

उबुंटू २४.०४ पासून थंडरबर्डही स्नॅपमधून येते, अन् स्नॅप किंवा फ्लॅटपॅक म्हणजे कुंपणातला प्रोग्राम, त्याला बाहेरचं /यूएसआर/बिन दिसतच नाही. तो लिंक पोर्टल नावाच्या दरवानाकडे देते, पोर्टल डेस्कटॉपच्या यादीत पाहून पुढं पाठवते. म्हणून अशा ठिकाणी थंडरबर्डमध्ये खटपट करू नका, डेस्कटॉपची सेटिंग बरोबर करा, थंडरबर्डच्या वहीत काही चुकीचं लिहिलं असेल तर ते पुसा. फ्लॅटपॅकमध्ये कधीकधी दरवानच जुनी निवड धरून बसते, तेव्हा फ्लॅटपॅक परमिशन-रिसेट अन् पुढं त्या ॲपचं पूर्ण नाव, असं चालवलं की तो विसरते.

ब्राउझर बरोबर उघडते, पण लिंक नाही उघडत, नुसतं होमपेज येते.

हे मला खूप आवडलेलं प्रकरण आहे. दिग्रसकडच्या एका मास्तरनं भाच्याकडून क्रोमसाठी स्वतःची .डेस्कटॉप फाइल बनवून घेतली होती, चित्र वगैरे छान. मेनूतून चालवलं तर चालते, मेलमधून लिंक दाबली की ब्राउझर येते अन् कोरं पेज. फाइल उघडून पाहिली तर एक्झेकच्या ओळीत, म्हणजे चालवायची कमांड असते त्या ओळीत, नुसता ब्राउझरचा रस्ता, शेवटी टक्क्याचं चिन्ह अन् त्याला चिकटून स्मॉल यू, म्हणजे %यू, तेच नव्हतं. ती दोन अक्षरं म्हणजे "आलेला पत्ता इथं ठेव". ती नसली की डेस्कटॉप ब्राउझरला उठवते पण पत्ता त्याच्या हातात देतच नाही. पोस्टमननं दार वाजवलं अन् पत्र न देताच निघून गेला, असं. कॅपिटल यू असलं तरी चालते, त्याचा अर्थ एकापेक्षा जास्त पत्ते.

लिंक दाबली, काहीच झालं नाही. पाच वेळा दाबली. मग एकदम पाच टॅब उघडले.

मशीन हळू आहे, दुसरं काही नाही. चार जीबी रॅम अन् फिरती हार्डडिस्क असली की स्नॅपवाला ब्राउझर पहिल्यांदा उघडायला वेळ घेते, मी घड्याळ लावून नाही पाहिलं पण तेवढ्यात पाण्याची बाटली भरून येता येते. एकदा दाबा अन् थांबा. ब्राउझर आधीच उघडा असेल तर लिंक लगेच जाते, म्हणून मी सकाळी दुकान उघडलं की अगरबत्तीच्या आधी फायरफॉक्स उघडून ठेवतो.

दुसरं एक कारण, ग्नोममध्ये लिंक खरोखर उघडलेली असते पण ब्राउझरची खिडकी समोर येत नाही, वर नुसती "फायरफॉक्स इज रेडी" अशी सूचना येऊन जाते. डेस्कटॉप मुद्दाम तसं करते, तुम्ही टाइप करत असताना दुसरी खिडकी मधे घुसू नये म्हणून. सूचनेवर दाबा किंवा ऑल्ट-टॅब.

अन् "ऑलरेडी रनिंग बट नॉट रिस्पॉन्डिंग" आलं तर आधीचा फायरफॉक्स कुठंतरी अडकून पडला आहे, किलऑल फायरफॉक्स चालवा अन् परत उघडा. अर्धवट भरलेला फॉर्म उघडा असेल तर आधी विचार करा.

सेंटरवर दुसऱ्यांच्या लिंका उघडाव्या लागतात, एकाचं लॉगइन दुसऱ्याले दिसू नये. काही जुगाड?

आहे, अन् आमच्या एका कॉम्प्युटरवर तोच चालू आहे. मेलमधली प्रत्येक लिंक प्रायव्हेट विंडोमध्ये उघडायची.

/यूएसआर/शेअर/ॲप्लिकेशन्स मधली फायरफॉक्स.डेस्कटॉप फाइल कॉपी करून होममधल्या .लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स मध्ये ठेवा, नाव वेगळं द्या, फायरफॉक्स-खाजगी.डेस्कटॉप, अर्थात इंग्रजी अक्षरात. ती एडिटरमध्ये उघडा. नेमची ओळ बदलून "फायरफॉक्स खाजगी" करा, म्हणजे यादीत ओळखू येईल. मग एक्झेकच्या पहिल्या ओळीत %यूच्या आधी दोन रेघा देऊन --प्रायव्हेट-विंडो टाका, म्हणजे ओळ होईल एक्झेक=फायरफॉक्स --प्रायव्हेट-विंडो %यू. खाली आणखी एक्झेकच्या ओळी दिसतील, त्या राइट क्लिकच्या मेनूतल्या, त्यांना हात लावू नका. सेव्ह करा, अन्

अपडेट-डेस्कटॉप-डेटाबेस ~/.लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स

चालवा, मग एक्सडीजी-सेटिंग्जनं हाच नवा डिफॉल्ट करा.

पण थांबा. वर पोरीच्या फॉर्मची गोष्ट सांगितली ती आठवते ना? इथंही तोच सापळा आहे. फॉर्म साध्या खिडकीत भरत असाल अन् मेलची लिंक प्रायव्हेटमध्ये उघडली तर लॉगइन तिकडं नसतेच. म्हणून ज्या मशीनवर हे लावलं तिथं फॉर्मही प्रायव्हेटमध्येच भरायचा. आमच्याकडं मॉनिटरच्या कोपऱ्याला पिवळी चिठ्ठी लावलेली आहे, "इथं सगळं खाजगीत". तरी विसरायला होते.

अन् यानं फसव्या लिंका चांगल्या होत नाहीत. कोणत्याही मेलमध्ये लिंकवर नुसता माऊस नेऊन थांबलं की थंडरबर्ड खाली खरा पत्ता दाखवते, तो वाचा, मगच दाबा. वर लिहिलं असते पीक विम्याचं अन् खाली पत्ता कुठल्या कुठं.

क्रोममध्ये माझं अन् बायकोचं वेगळं प्रोफाइल आहे. मेलच्या लिंका तिच्याच खात्यात उघडतात.

क्रोमचं जे प्रोफाइल शेवटचं वापरलं त्यात लिंक जाते. पक्कं करायचं असलं तर वरच्यासारखीच गूगल-क्रोम.डेस्कटॉपची कॉपी करा अन् एक्झेकमध्ये --प्रोफाइल-डिरेक्टरी= असं लिहून पुढं अवतरणात प्रोफाइलच्या फोल्डरचं नाव द्या. ते नाव "डिफॉल्ट", "प्रोफाइल १" असं असते, तुम्ही ठेवलेलं नाव नसते. क्रोमच्या ॲड्रेस बारमध्ये क्रोम://व्हर्जन टाकलं की प्रोफाइल पाथच्या ओळीत शेवटी तेच दिसते. तिथं जसं दिसलं, कॅपिटलसकट, तसंच लिहा. किंवा वहिनींना फायरफॉक्स द्या अन् तुम्ही क्रोम ठेवा, भांडण नाही.

उलटं विचारतो. वेबपेजवरच्या किंवा जीआरच्या पीडीएफमधल्या मेल आयडीवर दाबलं तर थंडरबर्डचं खातं बनवायची खिडकी येते. मले जीमेल पाहिजे.

हा दुसरा सांधा आहे, याचं नाव मेलटू. फायरफॉक्समध्ये सेटिंग्जच्या "जनरल"मध्ये "ॲप्लिकेशन्स"च्या यादीत मेलटू शोधा अन् समोर "यूज जीमेल" निवडा. वेबपेजवरच्या आयडींचं काम झालं.

पीडीएफमधल्या आयडीसाठी डेस्कटॉपलाही सांगावं लागते की मेलटू फायरफॉक्सकडे पाठव:

एक्सडीजी-माइम डिफॉल्ट फायरफॉक्स.डेस्कटॉप एक्स-स्कीम-हँडलर/मेलटू

क्रम उलटा करू नका बरं. आधी फायरफॉक्समध्ये जीमेल, मग ही कमांड. फायरफॉक्स "डेस्कटॉपला विचार" म्हणते अन् डेस्कटॉप "फायरफॉक्सला विचार" म्हणते असं झालं तर दोघं एकमेकांकडं टोलवत राहतात अन् टॅबवर टॅब उघडत जातात. आपल्याला हा प्रकार नवीन नाही, ऑफिसात एक टेबल दुसऱ्या टेबलाकडं पाठवते तसाच.

शाळेत दहा कॉम्प्युटर आहेत, प्रत्येक पोराचं वेगळं लॉगइन. एकेकाचं बदलत बसू काय?

नाही. प्रत्येक मशीनवर /ईटीसी/एक्सडीजी/माइमॲप्स.लिस्ट ही फाइल बनवा, इथं मात्र सुडो लागते. त्यात पहिली ओळ चौकोनी कंसात डिफॉल्ट ॲप्लिकेशन्स, डी अन् ए कॅपिटल, मधे जागा. खाली तीन ओळी:

एक्स-स्कीम-हँडलर/एचटीटीपी=फायरफॉक्स.डेस्कटॉप
एक्स-स्कीम-हँडलर/एचटीटीपीएस=फायरफॉक्स.डेस्कटॉप
टेक्स्ट/एचटीएमएल=फायरफॉक्स.डेस्कटॉप

ज्या पोरानं स्वतः काही बदललं नाही त्याला हे लागू होते. ज्यानं बदललं त्याच्या होममध्ये .कॉन्फिग/माइमॲप्स.लिस्ट मध्ये त्याची निवड असते, अन् ती वरचढ ठरते. एखाद्या पोराचं बिघडलं तर त्याच्या त्या फाइलमधल्या ह्याच ओळी काढल्या की तो परत शाळेच्या लाइनवर येते.

नेटवर अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज करायला सांगतात.

ते डेबियन घराण्याचं वेगळं जुनं खातं आहे, एक्स-डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-ब्राउझर नावाचं. काही टर्मिनलवाले प्रोग्राम ते पाहतात. ग्नोम, सिनॅमन, केडीईवर मेलच्या लिंकला त्यानं फरक पडत नाही. वेळ घालवू नका.

सगळं बरोबर केलं, महिनाभर चाललं, अन् आता परत बदललं. कोणी बदललं?

बहुतेक तुम्हीच. दुसरा ब्राउझर उघडला की तो वर पट्टी दाखवते, "मला डिफॉल्ट करा", घाईत निळं बटण दाबलं जाते. घरात लहान पोरं असली तर विचारूच नका. फायरफॉक्समध्ये सेटिंग्जच्या "जनरल"मध्ये "मी डिफॉल्ट आहे का ते नेहमी तपास" अशा अर्थाची टिक आहे, ती काढून टाका, क्रोमची पट्टी फुलीनं बंद करा.

किंवा मग अपडेटमध्ये ब्राउझर साध्या पॅकेजमधून स्नॅपवर गेला असेल, म्हणजे फाइलचं नावच बदललं, यादीत जुनं नाव आहे अन् त्या नावाचं कोणी उरलंच नाही, मग डेस्कटॉप यादीतला दुसरा कोणी उचलते. क्वेरीची कमांड चालवा, जे नाव छापेल ती फाइल खरंच आहे का पाहा, नसली तर नव्या नावानं सेट करा. दोन मिनिटांचं काम आहे, फोन करायच्या आधी एवढं करून पाहा, दुपारी दोन ते चार मी वावरात असतो, तिथं रेंज नाही.